नाकाबंदीचा पैसा कोणाच्या खात्यातून?



व्याख्यानमालेचे चिटणीस मला बोलवायला आले तेव्हा मी त्यांना म्हणालो, "अहो, तुमच्या व्यासपीठावर प्राध्यापक येतात, साहित्यिक येतात, निवृत्त न्यायमूर्ती येतात. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. ट्रकवर क्लीनर म्हणून ताडपत्री बांधता बांधता मोठा झालो आणि पुढे युनियनच्या कामात पडलो. जे काही वाचले ते वाचनालयाच्या बाकावर, नाहीतर कामगार न्यायालयाच्या ओसरीवर तारखेची वाट पाहत. माझ्यापाशी व्याख्यान कुठले?" त्यावर चिटणीस म्हणाले, "तुम्ही ज्या गोष्टीवरून सारखे भांडत असता, तिच्यावरच बोला." भांडणाचे आमंत्रण मी आजवर नाकारलेले नाही. म्हणून आपल्यासमोर उभा आहे.

माझा विषय साधा आहे. दारू पिऊन गाडी हाकणाऱ्यांना अडवण्यासाठी पोलीस रात्री रस्त्यावर नाकाबंदी करतात. त्या नाकाबंदीला पैसा कोणी द्यावा आणि कसा मोजून द्यावा, एवढाच प्रश्न आज मी घेणार आहे. कोणी म्हणेल, हा तर हिशेबनिसाचा विषय झाला. असू द्या. पस्तीस वर्षे कामगारांत वावरून मी एकच गोष्ट पक्की शिकलो आहे. मजुरी कशी मोजली जाते ते मला सांगा, काम कसे होईल ते मी तुम्हाला सांगतो. गिरणीत जे खरे, बंदरात जे खरे, तेच रस्त्यावर उभ्या असलेल्या पोलीस शिपायाच्या बाबतीतही खरे आहे.

पण हिशेबाकडे वळण्यापूर्वी माझा स्वतःचा एक अपराध आपल्यापुढे मांडणे भाग आहे. तो मांडल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या युनियनचा एक सभासद ट्रक चालवत असे. कामाला वाघ, मनाने चांगला, पण संध्याकाळ झाली की हात थरथरायचा आणि पाय गुत्त्याकडे वळायचे. एका रात्री पोलिसांनी त्याला गाडीसकट धरले. रात्री अकराला त्याचा भाऊ माझ्या दारात आला. "दादा, चला. लायसन गेले तर पोरेबाळे उपाशी मरतील." मी तसाच उठलो, चौकीवर गेलो आणि रदबदली केली. फुंकून पाहायचे यंत्र त्या काळी मी तरी पाहिलेले नव्हते. सगळा कारभार वासावर आणि फौजदाराच्या मर्जीवर चालायचा. मी युनियनचा माणूस, उद्या मोर्चा घेऊन येईन, ही धास्ती असेल किंवा माझ्या शब्दाचा मान असेल, त्यांनी त्याला सोडले. मी विजयी मुद्रेने घरी आलो. एका गरीब कामगाराला वाचवले, असे मला वाटले.

चार महिन्यांनी त्याच माणसाच्या ट्रकखाली एक तरुण गेला. दुसरी पाळी संपवून सायकलीने घरी निघालेला कंत्राटी कामगार. तोही आमचाच सभासद. दोघांच्याही वर्गणीच्या पावत्यांवर माझीच सही होती. त्याच्या घरी मी गेलो तेव्हा त्याची आई मला म्हणाली, "दादा, तुम्ही आलात, बरे केलेत." तिला काहीच ठाऊक नव्हते. मला सगळे ठाऊक होते. ते मी त्या दिवशी बोललो नाही. आज बोलतो आहे.

तेव्हापासून दारूची तपासणी म्हणजे पोलिसांचा कामगाराला छळण्याचा उद्योग, हे आमच्या गोटात नेहमी ऐकू येणारे वाक्य माझ्या तोंडातून निघेनासे झाले. त्या छळाचे अनुभव खोटे आहेत असे मी म्हणत नाही. त्याकडे पुढे येणारच आहे. पण सायकलवरचा कामगार आणि स्टिअरिंगवरचा कामगार असे दोघे एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवावे लागतात. ज्याला त्यांतला एकच दिसतो, त्याने पुढारीपण करू नये.

आता आपला रस्ता पाहा. पनवेलच्या पळस्पे फाट्यापासून मुंबई-गोवा महामार्ग निघतो. पेण ओलांडून तो वडखळला येतो. तिथे एक फाटा पोयनाडवरून, कार्लेखिंडीतून अलिबागला उतरतो, आणि मुख्य रस्ता नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड करीत पोलादपूरला, कशेडी घाटाच्या पायथ्याशी जातो. या रस्त्यांवर कोण कोण असते? उरणच्या बंदरातले ट्रेलर असतात. रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यांकडे जाणारे रसायनांचे टँकर असतात. एस.टी. असते, सहा आसनी रिक्षा असते. भल्या पहाटे पाटी घेऊन निघालेल्या कोळिणी असतात. आणि शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून निघालेल्या मोटारी असतात. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, तेव्हापासून मोटारी पोटात घेऊनच बोट आपल्या किनाऱ्याला लागते. किहीम, नागाव, काशीद, मुरूड या गावांना त्यातून चार पैसे मिळतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु रविवारी दुपारी जेवण आणि बाकीचे सगळे उरकून परतीला लागलेली मोटार आणि चिंचोळ्या रस्त्याच्या कडेने चालणारी बाई यांची गाठ कशी पडते, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

सबंध देशाचा हिशेब पाहिला तर २०२२ साली रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. एवढी माणसे म्हणजे आपल्यासारखी कितीतरी गावे. यांतल्या किती मृत्यूंना दारू कारण झाली? सरकारी तक्त्यात शेकडा सत्तरच्या वर मृत्यू 'भरधाव वेग' या रकान्यात आहेत आणि दारूच्या रकान्यात शेकडा दोन-तीन. पण हे दोन रकाने खरोखर वेगळे आहेत काय? प्यालेला माणूस गाडी हळू चालवतो असा कोणाचा अनुभव असेल तर त्याने हात वर करावा. शिवाय दारूला वेळेचा पाय असतो. रक्तातली दारू तासाला साधारण पंधरा मिलिग्रॅमने उतरते. मध्यरात्री ज्याच्या रक्तात साठ होती तो पहाटे तीनपर्यंत कायद्याच्या रेषेखाली आलेला असतो. अपघातानंतर जखमींना उचलायचे, वाहतूक मोकळी करायची, पंचनामा करायचा, आणि मग चालकाला रक्त तपासायला न्यायचे. तोवर पुरावा शरीरातून निघून जातो.

ती रेषा कोणती तेही सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाप्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली तर गुन्हा होतो. २०१९ पर्यंत पहिल्या गुन्ह्याला दोन हजारांपर्यंत दंड होता. त्या वर्षीच्या दुरुस्तीने तो दहा हजारांपर्यंत गेला. सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. दुसऱ्या खेपेला पंधरा हजार आणि दोन वर्षांपर्यंत कैद. कायदा कडक झाला याचा पुष्कळांना आनंद झाला. मला बेताचाच झाला. त्याचे कारण सांगतो.

माणूस शिक्षेच्या आकड्याला भितो त्यापेक्षा सापडण्याच्या शक्यतेला भितो. कारखान्यात फाटकावर दररोज हजेरी घेणारा टाइमकीपर बसला म्हणजे माणसे वेळेवर येतात; वर्षातून एकदा मोठा साहेब येऊन एखाद्याला काढून टाकतो, तेव्हा येत नाहीत. दहा हजारांचा दंड खरा, पण आपल्या रस्त्यावर रात्रीच्या रात्री कोणी भेटतच नसेल तर तो पुस्तकातला दंड. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स प्रांताने डिसेंबर १९८२ पासून कोणत्याही चालकाला, कोणत्याही जागी थांबवून फुंकायला लावण्याची पद्धत सुरू केली आणि ती सातत्याने चालवली. सुरुवातीच्या काळातच तिथले रस्त्यावरचे मृत्यू पाचव्या हिश्श्याने उतरले. आपल्याकडे मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी जून २००७ पासून दारूविरुद्धची मोहीम नेटाने धरली, तेव्हा मेजवानीला जाणारी मंडळी परतीसाठी टॅक्सी सांगून ठेवू लागली. लोकांचा स्वभाव एका रात्रीत बदलला असे नाही. पुढच्या नाक्यावर पोलीस असेल, एवढेच त्यांना वाटू लागले.

याहूनही आपल्या कामाचा एक प्रयोग राजस्थानात झाला. २०१० आणि २०११ मध्ये तिथल्या पोलिसांनी अर्थशास्त्रज्ञांना बरोबर घेऊन निरनिराळ्या ठाण्यांच्या हद्दीत दोन तऱ्हांनी नाकाबंदी करून पाहिली. त्या अभ्यासकांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. पुढे २०१९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. काही ठाण्यांत नाकाबंदी नेहमी एकाच, सर्वांत सोयीच्या जागी ठेवली. दुसऱ्या काही ठाण्यांत ती तीन जागांवर आलटून पालटून फिरवली. निकाल असा आला. जिथे जागा फिरती होती तिथे रात्रीचे अपघात शेकडा १७ ने आणि रात्रीचे मृत्यू शेकडा २५ ने कमी झाले. जिथे जागा कायम होती तिथे म्हणण्यासारखा काहीच फरक पडला नाही! चार दिवसांत सगळ्यांना ठाऊक झाले की साहेब कुठे उभे असतात, आणि गाड्या आडवाटेने जाऊ लागल्या.

दुसरी गोष्ट त्या प्रयोगात मला फार मोलाची वाटली. काही ठिकाणी हे काम ठाण्याच्या रोजच्या शिपायांकडे दिले आणि काही ठिकाणी मुख्यालयातल्या राखीव शिपायांची वेगळी तुकडी त्यासाठी नेमली. वेगळ्या तुकडीने काम अधिक चोख केले. ठरल्या रात्री ती ठरल्या जागी हजर असे. तिच्यामागे दुसरा व्याप नव्हता, गाडी खरोखर कुठे गेली यावर उपग्रहाच्या यंत्राने नजर होती आणि चांगल्या कामाचे फळ चांगल्या नेमणुकीत मिळणार होते. ठाण्याचा शिपाई दिवसभर दहा कामे ओढतो आणि रात्री अकरावे काम त्याच्या गळ्यात पडते. ते काम तो कसे करील?

इथे पैशाचा प्रश्न सुरू होतो.

आपल्याकडे नाकाबंदीला पैसा कसा मिळतो? वस्तूंना मिळतो. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून पोलिसांना गाड्या घेऊन दिल्या जातात. एखादी कंपनी आपल्या सामाजिक निधीतून श्वास तपासण्याची यंत्रे भेट देते. लोखंडी अडथळे तर आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. वर 'सावकाश जा' असते आणि खाली सराफाची नाहीतर बिल्डरची जाहिरात! देणगीदारांना मी दोष देत नाही. परंतु यंत्र एकदा मिळाले म्हणजे काम झाले, अशी समजूत आपण करून घेतो. त्या यंत्राला प्रत्येक माणसामागे नवी नळी लागते. चिठ्ठीला कागदाची गुंडाळी लागते. ठराविक मुदतीने ते तपासून, जुळवून आणावे लागते. नाहीतर न्यायालयात वकील पहिला प्रश्न तोच विचारतो. यंत्राचा फोटो वर्तमानपत्रात येतो, नळीचा फोटो कोणी छापत नाही. म्हणून अनुदान यंत्राला मिळते आणि नळीला मिळत नाही.

पण सर्वांत महाग वस्तू यंत्र नव्हे, नळीही नव्हे. सर्वांत महाग वस्तू म्हणजे माणसाचा तास. नाकाबंदीला चार-पाच माणसे तरी हवीत. एकाने गाडी थांबवायची, एकाने चालकाशी बोलायचे, वास आला, बोलणे अडखळले तर फुंकायला लावायचे, एकाने लिहायचे, बाकीच्यांनी मागची वाहतूक सांभाळायची. गुन्हा सापडला तर तो जागच्या जागी दंड घेऊन मिटवता येत नाही. १८५ चा खटला न्यायालयातच जातो. म्हणजे रात्री उभा राहिलेला शिपाई कागद करणार आणि पुन्हा तारखेला हजर राहणार. हे तास कोणाच्या खात्यात मांडलेले आहेत?

पोलिसांच्या कामाच्या तासांविषयी बोलायला मला एक विशेष कारण आहे. त्यांना युनियन नाही. १९६६ च्या कायद्याने पोलिसांच्या संघटना करण्याच्या हक्कावर बंधने घातली. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिसांनी उठाव केला, तो मोडला गेला आणि त्यांच्या संघटनेची मान्यता गेली. बारा-बारा तासांची पाळी त्यांच्या अंगवळणी पडलेली. २०१६ साली मुंबईत देवनार ठाण्यापासून आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, आणि त्याची कल्पना एका साध्या शिपायानेच मांडलेली होती, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. आमच्या मोर्च्यांवर ज्यांच्या लाठ्या पडल्या त्यांच्याच तासांसाठी मी बोलतो आहे, याचे काही मित्रांना हसू येते. पण मंडळी, बारा तास उभ्या राहिलेल्या माणसाकडून रात्री दोन वाजता सचोटीची आणि सभ्यतेची अपेक्षा धरणे हा हिशेबच चुकीचा आहे. आपल्याकडे गणपतीत महामार्गाचा बंदोबस्त, निवडणुकीचा बंदोबस्त, पुढाऱ्यांच्या दौऱ्याचा बंदोबस्त. उरलेल्या माणसांनिशी दारूची नाकाबंदी नेमाने दिसते कधी? ३१ डिसेंबरला आणि रस्ता सुरक्षेच्या पंधरवड्यात. एरवी दिसली तर नशीब. दारू मात्र तिन्ही ऋतूंत मिळते.

मग कोणी म्हणेल, सोपे आहे. पोलिसांना जादा पैसा द्या आणि जितके दारूबाज पकडतील तितका जास्त द्या. इथे मात्र मी हात जोडून सांगतो की असे करू नका. याला आमच्या भाषेत नगावारी मजुरी म्हणतात. जितके नग तितके पैसे. नगावारी मजुरीत नग वाढतात, पण माल बिघडतो. पोलिसाला नग मोजून पैसे द्या, की तो सोपा नग शोधील. सोपा नग कोण? रोजगार घेऊन माडीच्या दुकानावरून फटफटीने घरी निघालेला मजूर. काळ्या काचांच्या मोटारीतला पाहुणा हा अवघड नग. तो लगेच कोणाला तरी फोन लावतो.

ही नुसती माझी कल्पना नव्हे. अमेरिकेत १९६६ च्या महामार्ग सुरक्षा कायद्यापासून केंद्र सरकार राज्यांना आणि राज्ये गावोगावच्या पोलिसांना अनुदान देत आली आहेत; नाकाबंदीवर उभ्या राहणाऱ्या पोलिसांचा ओव्हरटाइम त्यातून निघतो. त्याचे चांगले फळही त्यांना मिळाले. टेनेसी राज्यात १९९४-९५ मध्ये वर्षभर सबंध राज्यात नेमाने नाकाबंद्या केल्या, तर दारूचे जीवघेणे अपघात शेकडा वीसने उतरले. पण कॅलिफोर्नियात काय घडले ते पाहा. तिथे नाकाबंदीत ज्याच्याकडे परवाना नाही त्याची मोटार जप्त होत असे आणि ती सोडवायला जबर आकार पडत असे. २००९ साली अशा जप्त्यांतून नगरपालिका आणि गाड्या ओढून नेणाऱ्या कंपन्या यांच्या हाती सुमारे ४ कोटी डॉलर आले, असे तिथल्या पत्रकारांनी २०१० मध्ये उघडकीस आणले. दारूबाज सापडत थोडे आणि जप्त गाड्या त्यांच्या कितीतरी पट. त्या गाड्या बहुतेक गरीब, स्थलांतरित मजुरांच्या. नाकाबंदी दारूची, अनुदान दारूचे, आणि फास मजुराच्या गळ्याला! अखेर २०११ मध्ये कायदा करून हा प्रकार थांबवावा लागला. पैसा ज्या गोष्टीवर मोजला जातो त्या गोष्टीकडे काम वळते, याचा आणखी पुरावा तो कोणता हवा?

चांगल्या नाकाबंदीत महिन्यागणिक माणसे कमी सापडत गेली पाहिजेत. तिचे यश रिकाम्या हाताने परतण्यात आहे. अग्निशामक दलाला आपण विझवलेल्या आगींच्या नगावर पगार देत नाही. दिला तर आगी वाढतील अशी मला भीती वाटते. म्हणून माझे पहिले सांगणे असे आहे की पैसा तासांवर द्या, नगांवर देऊ नका. किती रात्री उभे राहिले, किती जागा बदलल्या, किती गाड्या थांबवल्या, त्यांत ट्रेलर किती, फटफटी किती, मोटारी किती, हे मोजा. पकडलेल्यांचा आकडा त्याच्यापुढे खुशाल लिहा, पण त्यावर एक पैही अवलंबून ठेवू नका.

दुसरे सांगणे जागेविषयी. जागा फिरती हवी, आणि ती ठाण्यात ठरू नये. वरून, त्या दिवशीच ठरावी. आज वडखळ, उद्या मांडव्याचा रस्ता, परवा काशीद. वेळही फिरती हवी. रविवारची दुपार ही आपल्या किनाऱ्याची खरी रात्र आहे! म्हणजे मग मजुराला कोणी म्हणणार नाही की कायदा तुझ्यासाठीच आहे.

तिसरा प्रश्न, पैसा आणायचा कोठून. दंडाचा पैसा सरकारी तिजोरीत जातो. ३० नोव्हेंबर २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना रस्ता सुरक्षा निधी उभारायला सांगितले आणि वाहतुकीच्या दंडातला हिस्सा त्यात घालायला सांगितले. केरळने तर २००७ मध्येच कायदा करून तडजोडीच्या दंडातला निम्मा हिस्सा अशा निधीकडे वळवला. तत्त्व चांगले. पण त्यातही नगावारीचा काटा लपलेला आहे. ज्या ठाण्याने दंड आणला त्याच ठाण्याला तो परत दिला, तर पुन्हा तेच झाले. दंड एका जागी गोळा व्हावा आणि वाटप रस्त्याची लांबी, रहदारी आणि अपघात पाहून व्हावे. वसुली पाहून होऊ नये.

आणि दुसरी विहीर आहेच. १८७८ च्या आबकारी कायद्यापासून, माडाच्या झाडावर कर बसला तेव्हापासून, दारूने सरकारची तिजोरी भरली आहे. १० जून २०२५ ला आपल्या मंत्रिमंडळाने दारूवरचे शुल्क वाढवले तेव्हा वर्षाला १४,००० कोटी रुपये जादा मिळतील अशी अपेक्षा धरली. मी दारूबंदीचे व्याख्यान द्यायला आलेलो नाही. दारूबंदीचा १९४९ चा कायदा पुस्तकात आहे, परवानेही आहेत आणि दुकानेही आहेत. मी एवढेच म्हणतो की त्या अपेक्षित जादा रुपयामागे एक पैसा बाजूला काढा. एक पैसा म्हणजे वर्षाला १४० कोटी. ज्या मालावर सरकार कर घेते, त्या मालाने रस्त्यावर होणारी हानी थांबवायचा खर्च त्याच मालाने उचलावा. हा पैसा दरवर्षी येतो. देणगी एकदाच येते.

आता माझ्या स्वतःच्या सभासदांचा आक्षेप. ते म्हणतात, "चालकाला फुंकायला लावता, पण मालकाला कोण फुंकायला लावणार? सोळा-सोळा तास गाडी हाकायला लावतो, बंदराबाहेर रांगेत दोन-दोन दिवस उभे करतो, झोपायला जागा नाही, न्हाणीघर नाही." हे खरे आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाला दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा दिली होती. ती कागदावरच झोपून राहिली आणि अशी मर्यादा जागी करणे हे आमचे काम आहे. पण थकलेला माणूस प्याला म्हणजे रस्त्यावरचा धोका दुप्पट होतो, निम्मा होत नाही. आणि सभासदांनो, आणखी एक गोष्ट ऐका. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याप्रमाणे कामगार दारूच्या अमलाखाली असताना त्यामुळेच जखमी झाला, तर मृत्यू आणि कायमचे पूर्ण अपंगत्व सोडून बाकी दुखापतींची भरपाई देण्यातून मालक सुटत असे. म्हणजे हात गेला, पण भरपाईही गेली. मी तुमचा भाऊ म्हणून सांगतो, नाकाबंदीवर तुम्हाला थांबवणारा तुमचा शत्रू नव्हे.

आणि श्रीमंताच्या गाडीविषयी तर शंकाच नको. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात मजूर मेले. चालकाच्या रक्तात दारू सापडली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्याची तीन वर्षांची शिक्षा कायम केली. चालकाचे नाव वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही आठवेल. त्या सात मजुरांतले एक तरी नाव इथे कोणाला सांगता येईल? मलाही येत नव्हते. मे २०२४ मध्ये पुण्यात मोटारीने दोन तरुण अभियंत्यांना उडवले, तेव्हा चालकाच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप होऊन डॉक्टरांना अटक झाली. अपघातानंतर रक्त शोधत बसण्यात अशा वाटा फुटतात. अपघाताआधी, चारचौघांसमोर, रस्त्यावर फुंकलेल्या श्वासाची चिठ्ठी बदलणे त्या मानाने पुष्कळ अवघड असते. गरिबाला वशिला नसतो. त्याचे रक्षण अशा उघड्या, नेमाच्या, सर्वांना सारख्या तपासणीनेच होते.

आपण काय करावे, असे व्याख्यानानंतर कोणीतरी विचारतेच, म्हणून आधीच सांगतो. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आपल्या ठाण्याला तीन प्रश्न विचारा. गेल्या वर्षी दारूची नाकाबंदी किती रात्री झाली? किती निरनिराळ्या जागी झाली? त्यासाठी वेगळा पैसा आणि वेगळी माणसे मिळाली काय? उत्तर आले की ते घेऊन आपल्या लोकप्रतिनिधींकडे जा. जिल्हा नियोजन समितीत तेच बसतात. पोलिसांवर आरोप करायला जाऊ नका. त्यांच्यासाठी तास मागायला जा. असे शिष्टमंडळ त्यांनी कधी पाहिलेले नसेल. आणि कोणाच्या भावाला, पुतण्याला नाक्यावर धरले, तर माझ्यासारखे रात्री अकराला उठून रदबदलीला जाऊ नका. सकाळी जा, वकील घेऊन जा, त्याच्या मुलांच्या शाळेची फी भरा, त्याची दारू सोडवायला मदत करा. पण चौकीवर शब्द टाकू नका.

तो चालक पुढे शिक्षा भोगून आला आणि पुन्हा स्टिअरिंगला बसला नाही. कधी भेटलो तर आम्ही चहा घेतो. त्या रात्रीविषयी तो एकदाच बोलला. "भाऊ, त्या दिवशी तुम्ही आला नसतात तर बरे झाले असते." मी काही उत्तर दिले नाही, उत्तर नव्हतेच. त्या वेळी त्याला वाचवायला एक माणूस धावत गेला आणि सायकलवरच्या पोराला वाचवायला रस्त्यावर कोणी उभे नव्हते. ते कोणीतरी उभे राहावे आणि त्याच्या उभे राहण्याची मजुरी त्याला नीट मिळावी, एवढेच मागायला मी आलो होतो.